दोनबुडीची इंजिनं

प्रफुल देवगडे यांचा कोणत्याही यंत्रावर विश्वास नव्हता. विश्वास होता तो त्या यंत्राच्या शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या यंत्रावर. औष्णिक केंद्राच्या पंपघरात सत्तावीस वर्षं काढली की माणसाचं असं होतं. तिथे प्रत्येक पंपाला एक जोडीदार असतो. एक राबतो, दुसरा अंगाला रंग लावून उभा असतो, आणि राबणाऱ्याने मान टाकली की उभा असलेला कामाला लागतो. एक चालू, एक स्टँडबाय. ऊर्जानगरातल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये याच न्यायाने दोन मिक्सर, दोन इस्त्र्या आणि दोन शेगड्या होत्या. शाळेत गणित शिकवणाऱ्या नीलिमाबाई फारच वैतागल्या की म्हणत, "बायको एकच ठेवली तुम्ही, हे तुमच्या सेक्शनले मालूम आहे काय?"

तेव्हा मार्चअखेर एका दुपारी क्वार्टरसमोर ट्रकमधून जी नाव उतरली, तिला दोन बुडं आहेत आणि प्रत्येक बुडामागे इंजिन बसवायची एकेक जागा आहे, हे पाहून देवगड्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं. निसर्गाला आपली कार्यपद्धती मान्य असल्याचा पुरावा माणसाला रोज मिळत नाही.

देवगड्यांनी ती लिलावात घेतली तेव्हा कागदावर तिचं वर्णन 'पॉवर कॅटामरान, मासेमारीची, वापरलेली, इंजिनरहित' असं होतं. म्हणजे दोन लांबट फायबरच्या होड्या शेजारी शेजारी ठेवायच्या आणि वरून एकच पाट ठोकायचा. बावीस फूट लांब, नऊ फूट रुंद. कुठल्याशा धरणावर मासेमारीचा एक आधुनिक प्रयोग झाला होता. प्रयोग यशस्वी झाल्याचा अहवाल निघाला आणि लगेच नाव लिलावात निघाली. कॉलनीने कॅटामरान हा शब्द एक दिवस वापरून पाहिला, दुसऱ्या दिवशी तिला दोनबुडी म्हणायला सुरुवात केली आणि तिसऱ्या दिवशी बायांनी तिच्या पाटावर कुरोड्या वाळत घातल्या. आठव्या दिवशी इस्टेट विभागाची नोटीस आली. 'क्वार्टरसमोरील अनधिकृत बांधकाम सात दिवसांत पाडावे.' देवगड्यांनी उत्तर दिलं की हे बांधकाम नसून जलयान आहे. त्यावर दुसरी नोटीस आली, 'तर ते पाण्यात ठेवावे.' सरकारी पत्रव्यवहारात इतकं शहाणपणाचं वाक्य देवगड्यांनी त्याआधी वाचलं नव्हतं.

पाणी होतं सत्तरेक किलोमीटरवर, सिंदेवाहीकडच्या मोहबोडी गावात. हे देवगड्यांचं जन्मगाव. तिथला तलाव उन्हाळ्यात मागे सरकतो आणि पलीकडच्या डोंगराखाली खोल डोहात जाऊन बसतो. मासेही त्याच्यासोबत जातात. वर्षभराची खरी मासेमारी या दोन महिन्यांत होते. माणसं डोंग्यांतून तिकडे जाऊन जाळी टाकतात, पण डोंगा म्हणजे कोरलेलं झाड. त्यात एक माणूस आणि एक जाळं मावलं की तो भरला. मासोळी या काठाला आणायच्या बाया, डोक्यावर टोपली घेऊन, तलावाच्या कडेकडेने सहा किलोमीटर चालत, नऊच्या बसला गाठ पडेल अशा बेताने. फेब्रुवारीत त्याच वाटेवर एका वाघिणीने दोन पिल्लांसह बिऱ्हाड केलं. वनखात्याने वाटेच्या तोंडाशी बांबूचा अडसर लावला. वाघिणीला कोणी नावं ठेवली नाहीत, तीही लेकुरवाळी होती. पण मासोळी पलीकडेच अडकली. डोंग्यांनी थोडी थोडी आणेपर्यंत बारा वाजत, आणि चंद्रपूर जिल्ह्यातले मेचे बारा वाजल्यावर मासोळी विकायची नसते, पुरायची असते.

अशा वेळी देवगडे गावात जाऊन बोलून बसले, "मी नाव आणतो."

बायांची म्होरकी गुणाबाई दिघोरे, वय साठच्या पुढे, आवाज चाळिशीचा. तिने हे वाक्य उचललं आणि गाठीला बांधून ठेवलं. "पाह्य प्रफुल," ती म्हणाली होती, "मुकादम दोनदा येऊन गेला मिरची तोडाले चाल म्हनून. तेलंगणात जाऊन आलो असतो. तू म्हनलास नाव आनतो, म्हनून मी गेली नाई. अन् माह्या भरोश्यावर अकरा बाया थांबल्या. आता नाव नाई आली तं मी तुले तलावात बुडवीन, अन् माह्या सांगन्यावर त्या अकरा मले."

एवढ्यावर देवगडे इंजिन निवडायला बसले.

इंजिन निवडणं ही खासगी बाब आहे अशी त्यांची समजूत होती. पहिल्या संध्याकाळीच ती दूर झाली. शेजारचे हेमराज कंट्रोल रूममध्ये होते. ते नावेभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "भाऊ, सोपं आहे. दोन्ही इंजिनं सारखे घ्या. एकाच कंपनीचे, एकाच ताकदीचे, एकाच दिवशी आणलेले. जुळ्या पोरायसारखे."

"म्हणजे एकाच दिवशी जन्मले, की एकाच दिवशी आजारी पडतील," देवगडे म्हणाले.

"पण दोन्ही संगंच चालवा लागंल ना?"

देवगड्यांनी त्यांच्याकडे करुणेने पाहिलं. कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्यांना यंत्र काचेपलीकडून दिसतं, त्याला ते तरी काय करणार.

मागच्या गल्लीतले सोमाजी राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. खाणीच्या धडधडाटात त्यांचा एक कान गेला होता आणि दुसऱ्याला त्याची सवय झाली होती. "डिझल घे, डिझल!" ते ओरडले. "धानाच्या बांधीवरचं पंपाचं इंजिन. ज्याचा आवाज दुसऱ्या गावाले जात नाई, ते इंजिनच नोहे गा!"

तिसरा सल्ला भद्रावतीहून आला. नीलिमाबाईंचे भाऊ नागसेन आयुध निर्माणीत होते आणि त्यामुळे भाजीचा भावही कुजबुजत सांगत. ते रविवारी आले, नावेला बोट लावून पाहिलं, इकडेतिकडे बघितलं आणि देवगड्यांच्या कानाशी येऊन म्हणाले, "एक मोटार आहे माह्या नजरेत. मस्त काम होईल."

"कोणती?"

"ते सांगता येत नाई," नागसेन म्हणाले, चहा प्याले आणि परत गेले.

देवगड्यांनी तिघांचं ऐकून घेतलं आणि स्वतःचं केलं. त्यांचा विचार असा होता की स्टँडबाय हा चालू यंत्राच्या जातीचाच नसावा. पेट्रोलात पाणी गेलं तर डिझेलवालं चालेल. पट्टा तुटला तर बिनपट्ट्याचं चालेल. म्हणून डाव्या बुडाला त्यांनी सिरोंच्याहून एक पेट्रोलचं इंजिन आणलं, नावेच्या पाठीला टांगायचं. गोदावरीत नाव चालवणाऱ्या म्हाताऱ्याने ते विकलं. त्याला मराठी येत नव्हतं आणि देवगड्यांना तेलुगू. देवगडे विचारत, "कार्बोरेटर कधी साफ केला होता?" म्हातारा म्हणे, "बागुंदी." "पंख्याचं पातं वाकलं आहे का?" "बागुंदी." शेवटी नातवाने सांगितलं की बागुंदी म्हणजे छान आहे. तांत्रिक चौकशीत इतकी सातत्यपूर्ण उत्तरं कोणत्याही ठेकेदाराने दिली नव्हती, म्हणून देवगड्यांनी ते घेतलं. उजव्या बुडाला सोमाजींच्या मर्जीतलं डिझेलचं पंप-इंजिन बसलं, पट्ट्याने लांब दांडा फिरवणारं, दांड्याच्या टोकाला पंखा.

बसवण्याच्या बाबतीत देवगडे तडजोड करत नसत. टांगायचं इंजिन मूठ धरून इकडेतिकडे वळवता येतं, त्यानेच नाव वळते. पण फिरणारं यंत्र जागचं हललेलं पंपघराच्या माणसाला सोसत नाही. देवगड्यांनी त्याला चार बोल्ट मारले, मोजमाप लावून केसाच्या जाडीइतकं सरळ केलं आणि वरून रंग दिला. इंजिन आता भूकंपातही वळलं नसतं. चाचणीसाठी दोनशे लिटरच्या ड्रमात पाणी भरून पंखा बुडवला. ड्रममध्ये नाव उत्तम चालली.

"पण हे वळंल कशानं?" हेमराजांनी कुंपणावरून विचारलं.

"मधात सुकाणू आहे ना."

हेमराजांनी सुकाणू पाहिलं. ते शाळेच्या पाटीएवढं होतं. "बरं," ते म्हणाले, आणि या एका शब्दात शेजारधर्म संपवून घरात गेले.

मग नोंदणीसाठी देवगडे आणि मोहबोडीच्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष गोविंदा असे दोघे मत्स्यव्यवसाय कार्यालयात गेले. गोविंदा म्हणजे गुणाबाईचा पुतण्या, देवगड्यांचा शाळासोबती, कमी बोलणारा. टेबलापलीकडे खुशबू मॅडम होत्या. नोकरीला दीड वर्ष झालेलं, स्वभाव गोड, नियम पाठ. त्यांनी फोटो पाहिला. मग वाकून, मान तिरपी करून, फोटो खालून पाहिल्यासारखा पाहिला.

"सर, या दोन नावा आहेत."

"एक आहे. तिला दोन बुडं आहेत."

"पण आमच्याकडे नाव बुडावरून मोजतात, सर. रकान्यात लिहिलंय, 'बुडाची लांबी, रुंदी'. दोन बुडं म्हणजे दोन नावा. आणि एका संस्थेला एकच नाव नोंदवता येते."

देवगडे खुर्चीत पुढे सरकले. "मॅडम, पँटला दोन पाय असतात. तुम्ही त्याला दोन पँटी म्हणता का?"

मॅडमनी प्रामाणिकपणे विचार केला. "पँट आमच्याकडे येत नाही, सर."

तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला मॅडमच हसत सामोऱ्या आल्या. त्यांनी जुनी परिपत्रकं चाळून वाट शोधली होती. डावं बुड 'मुख्य नौका' म्हणून नोंदवायचं आणि उजवं 'राखीव नौका' म्हणून. राखीव नौकेला संख्येत धरत नाहीत. देवगड्यांना गहिवरून आलं. जे सत्तावीस वर्षं आपण बायकोला पटवू शकलो नाही, ते सरकारला न सांगता पटलं होतं. प्रमाणपत्राच्या तळाशी एक अट होती, 'मुख्य नौका व राखीव नौका एकाच वेळी चालविता येणार नाहीत.' देवगड्यांनी ती मोठ्याने वाचली आणि गोविंदाकडे पाहिलं.

"म्हंजे एकच बाजू चालवाची?" गोविंदा म्हणाला.

"एक चालू, एक राखीव."

गोविंदाने डोकं खाजवलं. "आमी डोंगे जोडतो ना भाऊ, दोन एका जागी बांधून, तं दोन्हीकून वल्हे मारतो."

"ते हाताने. हे यंत्र आहे, गोविंदा."

गोविंदाने प्रमाणपत्राची घडी घालून खिशात ठेवली. शिकलेल्या माणसाला दोनदा सांगायचं नाही, हा मोहबोडीतला शिष्टाचार आहे.

मेच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी साडेसहाला दोनबुडी मोहबोडीच्या पाण्यात उतरली. काठावर अख्खं गाव होतं. बारा बाया रिकामी टोपली घेऊन ओळीने बसल्या होत्या. खुशबू मॅडम चाचणीचा अहवाल लिहायला पहिल्या बसने आल्या होत्या, सोबत छत्री आणि पाण्याची बाटली. पलीकडच्या काठावर रात्रीची जाळी पहाटे निघाली होती, माणसं डोंगे घेऊन परतली होती आणि मासोळी पळसाच्या पानांखाली झाकून वाट पाहत होती. नऊची बस नऊला यायची. देवगड्यांनी या प्रसंगासाठी पांढरा शर्ट घातला होता. नीलिमाबाई उन्हामुळे आल्या नव्हत्या. त्यांनी फक्त सांगितलं होतं की पोहायचे दोन कपडे घेऊन जा, एक स्टँडबाय.

"बाया दुसऱ्या फेरीला," देवगडे म्हणाले. "पहिली फेरी तांत्रिक."

ते आणि गोविंदा चढले. पेट्रोलचं इंजिन पहिल्या दोरीला लागलं. काठावर टाळ्या झाल्या. नाव निघाली, दिमाखात पंधरा हात सरळ गेली आणि मग, जणू काही विसरलं असावं तशी, उजवीकडे वळायला लागली.

देवगड्यांनी सुकाणू डावीकडे दाबलं. पाटीएवढ्या सुकाणूने आपलं मत मांडलं; नावेने ते विचारात घेतलं नाही. ती वळत गेली, काठाकडे तोंड झालं, गावकरी दिसले, गावकरी गेले, डोंगर आला, डोंगर गेला आणि पुन्हा गावकरी आले. एक फेरी पूर्ण झाली.

"वारा आहे," देवगडे म्हणाले.

वारा नव्हता. पळसाचं पान हलत नव्हतं. दुसऱ्या फेरीत गोविंदा म्हणाला, "भाऊ, डाव्याच अंगानं जोर लागून राह्यला, म्हनून उजवीकडं चालली."

"स्पीड घेतला की सरळ होईल." देवगड्यांनी स्पीड दिला. नाव आता जास्त वेगाने गोल फिरू लागली. काठावरून गुणाबाईचा आवाज पाण्यावरून स्पष्ट आला, "अवो, धान चुरून झालं! सोडा आता त्या बैलाले!" आणि अख्खा काठ हसला. मळणीच्या खळ्यावर मेढीभोवती फिरणाऱ्या बैलाशी आपली तुलना व्हावी, हे देवगड्यांना लागलं. विशेषतः तुलना बरोबर असल्यामुळे.

पण ते खचणारे नव्हते. त्यांनी पेट्रोल बंद केलं. "चालू यंत्रात दोष आढळला," ते गोविंदाला म्हणाले, "आता स्टँडबाय." डिझेलचं हँडल मारलं. धडधड अशी सुरू झाली की काठावरचे बगळे उडाले, आणि नाव निघाली, पंधरा हात सरळ गेली, आणि डावीकडे वळायला लागली.

"आता उलटी चुरनी," गुणाबाई म्हणाली.

"भाऊ, दोन्ही लाव," गोविंदा म्हणाला.

"लावता येत नाही. एक बिघडल्याशिवाय दुसरं लावायचं नसतं."

"बिघडलं नाई, तरी जाऊन नाई राह्यलं. मंग बिघडलं म्हनाचं नाई तं काय म्हनाचं?"

"आणि कायद्याने राखीव नौका मुख्य नौकेसोबत चालवता येत नाही. मॅडम तिथं उभ्या आहेत."

मॅडम खरंच उभ्या होत्या. छत्रीच्या सावलीत त्या काहीतरी लिहीत होत्या, आणि मधूनमधून हवेत पेनाने गोल काढून पाहत होत्या.

आठ वाजत आले. ऊन पाठीला चिकटायला लागलं. पलीकडे पळसाची पानं सुकून मासोळीवरून सरकत असतील, हे काठावरच्या प्रत्येक बाईला इथे बसून दिसत होतं. हसणं थांबलं होतं. गुणाबाई उठली, पदर खोचला, चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर टोपलं.

"कुठी चालली मावशे?" कोणीतरी विचारलं.

"पायी. याची चुरनी होत राह्यन. मासोळी माही थांबत नाई."

देवगड्यांना ते फेरीच्या एका बाजूने दिसलं. नाव गावाकडे तोंड करून आली तेव्हा गुणाबाई बकऱ्यांच्या गोठ्यापाशी होती. नाव वळली, डोंगर आला, गेला, पुन्हा गाव आलं. गुणाबाई चिंचेपाशी होती आणि तिच्यामागे आणखी चार बाया होत्या. पुन्हा डोंगर. पुन्हा गाव, आता अकराही जणी रांगेत होत्या आणि रांगेचं तोंड बांबूच्या अडसराशी पोचलं होतं. बाकी लोक मागून ओरडत होते, "मावशे, पिल्लं आहेत तिची!" गुणाबाईने अडसराच्या खालच्या बांबूखाली टोपलं सरकवलं आणि स्वतः वाकली.

देवगड्यांच्या डोक्यात त्या क्षणी कोणतंही तत्त्व नव्हतं. मोहबोडीत बहुतेक सगळे त्यांना देवगडे साहेब म्हणत, हीच बाई त्यांना लहानपणापासून प्रफुल म्हणत आली होती, आणि त्यांच्या शब्दावर मिरचीला न गेलेली ही बाई त्यांच्याच शब्दावर वाघिणीच्या दारात चालली होती. त्यांनी पेट्रोलच्या दोरीला हात घातला.

"गोविंदा, डिझेल सोडू नको!"

दोरी ओढली. दोन्ही इंजिनं एकदम ओरडली. नाव दचकली, उजवीकडे झुकली, कारण सिरोंच्याचं इंजिन खरोखरच बागुंदी होतं आणि डिझेलपेक्षा ताकदवान होतं. देवगड्यांनी डोळे मिटले. सत्तावीस वर्षं त्यांनी अंधारात, कानाने, कोणता पंप आजारी आहे ते ओळखलं होतं. त्यांनी पेट्रोलचा जोर बोटभर कमी केला. अजून. "तू वाढव थोडं. थोडं! हां, बस." दोन आवाज एकमेकांत मिसळले आणि नाव, त्या सकाळी पहिल्यांदा, जिकडे तोंड होतं तिकडे गेली.

तोंड अडसराकडे होतं. दोनबुडी चिखलात घुसत अडसराच्या बाजूला जाऊन थांबली. देवगडे गुडघाभर पाण्यात उतरले, पांढऱ्या शर्टासकट.

"गुणाबाई! मागं या! बसा नावेत!"

गुणाबाई बांबूच्या पलीकडे अर्धी वाकलेली. तिने तसंच वर पाहिलं. "नक्की सरळ जाते काय?"

"जाते."

"मंग आतापावतर काऊन गोल फिरत होता?"

सगळ्या बाया ऐकत होत्या. मागून गाव धावत आलं होतं, छत्री सावरत खुशबू मॅडमही. देवगड्यांना सांगता आलं असतं की ती तांत्रिक फेरी होती. त्यांनी तसं सांगायला तोंडही उघडलं.

"चुकलं माहं," ते म्हणाले. "दोन बुडांच्या नावेले दोन्ही इंजिन संगंच लागते. हे हेमराजनं सांगतलं होतं, गोविंदानं सांगतलं होतं. मले कळलं नाई."

गुणाबाई अडसराखालून परत आली. टोपलं बाहेर ओढलं. "नाव तं आनली ना बाप्पा," ती म्हणाली, "सरक आता." आणि चढली.

खुशबू मॅडमनी घसा साफ केला. "सर, दोन्ही चालू आहेत?"

"हो. लिहा."

"अटीत बसत नाही, सर."

"माहीत आहे. लिहा. काय दंड असेल तो माझ्या नावावर."

मॅडमनी नावेकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, अडसराकडे पाहिलं. मग छत्री गोविंदाच्या हातात देऊन त्यांनी वहीत सावकाश, अक्षर चांगलं काढत लिहिलं आणि वाचून दाखवलं, "'मुख्य नौका पलीकडच्या काठाकडे रवाना झाली. राखीव नौका तिला पक्की जोडलेली असल्याने सोबत गेली.' चालेल ना, सर?"

नियम पाठ असणाऱ्या माणसाला तो वाकवताही येतो, हे देवगड्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

नाव आठ जणांची होती. गोविंदा, देवगडे आणि सहा बाया पहिल्या खेपेला निघाल्या, उरलेल्या सहाजणी घाटावर टोपली उतरवून घ्यायला थांबल्या. पेट्रोलच्या इंजिनाशी देवगडे होते, पण अर्ध्या तलावात गुणाबाईची सून रुखमा त्यांच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "द्या इकडं, मी पाह्यतो." तिने बोटभर जोर कमी केला, बोटभर वाढवला आणि डोंगराकडे एक नजर ठेवून नाव सरळ धरली. देवगड्यांना हे शिकायला सत्तावीस वर्षं लागली होती. त्यांनी हा विचार मनातच ठेवला.

पलीकडे रोहू, कतला आणि मरळ पानांखाली ओल्या होत्या. बायांनी बोलण्यात एक क्षण घालवला नाही. टोपली भरली, नावेत ओळीने लागली. नाव पाण्यात एक वीत खाली गेली. गुणाबाई काठावर उभी राहून बघत होती. तिने टोपली मोजली, माणसं मोजली, परत टोपली मोजली.

"प्रफुल, तू थांब इथी."

"मी?"

"तुह्या वजनात दोन टोपले येते."

"पण इंजिनकडे कोण..."

"रुखमा आहे. डिझलकडं गोविंदा आहे. तू शर्ट वाळव." आणि नाव ढकलून तीही चढली. देवगडे दोन टोपल्यांच्या जागेवरून खाली उतरले होते, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा नाव दहा हात गेली होती. पाण्यावरून गुणाबाईचा आवाज आला, "वाटेनं येजो नोको! मासोळी पोचवून येतोच तुले घ्याले! जेवून!"

काठावर मोहाच्या सावलीत वनरक्षक इतवारी कोडापे बसला होता. वाघीण कुठे आहे ते पाहायला त्याची पलीकडे नेमणूक होती. त्याने सरकून जागा दिली. दोघं बघत बसले. बाहेरून देवगड्यांनी आपली नाव चालताना पहिल्यांदाच पाहिली. ती सरळ जात होती. मागे दोन बुडांच्या दोन रेघा उमटत होत्या, आणि दोन्ही शेवटपर्यंत एकमेकींपासून सारख्या अंतरावर राहिल्या. घाट इतका दूर होता की माणसं मुंग्यांएवढी. नाव टेकली. मुंग्या हलल्या. रस्त्यावर धुळीतून एसटीचा लाल ठिपका आला आणि थांबला. रोज थांबतो त्यापेक्षा बराच वेळ थांबला. मग हलला, आणि घाटावर कोणी उरलं नाही.

इतवारीने वही काढली. "नोंद करा लागते साहेब, ह्या काठाले कोनी उतरलं तं. नाव कोनाची?"

दोन महिने हा प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला देवगडे, छाती किंचित पुढे काढून, एकच उत्तर देत आले होते.

"गुणाबाई दिघोरे यांची," ते म्हणाले.

इतवारीने लिहिलं. "अन् तुमी त्या नावंत कोन?"

देवगड्यांनी ओला शर्ट काढून फांदीवर टाकला आणि थोडा विचार केला.

"जास्तीचं वजन," ते म्हणाले.

इतवारीने तसं लिहून घेतलं आणि सहीसाठी वही पुढे केली. देवगड्यांनी तारीख घालून, पूर्ण नावाने सही केली.